गावात जाण्याआधी काय शिकवावं? ख्रिस्ती सेवाकार्य आणि मानवशास्त्र (खानापूर, बेळगाव, सौंदत्ती)

खानापूरवाली

नमस्कार.

आमच्या भागातल्या काही ख्रिस्ती मंडळ्या (म्हणजे चर्च) मिळून उन्हाळ्यात तरुण सेवकांसाठी वर्ग घेणार आहेत. ही मुलंमुली पुढे खानापूर, बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक भागातल्या गावांत जातील. कुणी फिरत्या दवाखान्याबरोबर, कुणी बचतगटाच्या कामाला, कुणी सरळ सुवार्ता सांगायला. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, म्हणून सांस्कृतिक मानवशास्त्र हा विषय माझ्याकडे आला आहे.

दोन प्रश्न आहेत. माणसं नाती कशी मोजतात, आजाराचं कारण कशात शोधतात, गेलेल्यांची आठवण कशी ठेवतात, हे समजून घेणं एक. आणि त्याच माहितीच्या आधारावर त्यांना आपल्या धर्माकडे कसं वळवता येईल हे ठरवणं दुसरं. या दोन्ही गोष्टी एकाच वर्गात शिकवता येतात का? शिकवल्या तर पहिली गोष्ट शुद्ध राहते का?

दुसरा प्रश्न साधा आहे. सुरुवात कुठून करू? मला मिळालेली पुस्तकं अमेरिकेत लिहिलेली, त्यातली उदाहरणं आफ्रिकेतली आणि पापुआ न्यू गिनीतली. आमच्या पोरांना डोंगरावर यल्लम्माला जाणारी शेजारीण कळायला हवी.

माझं मत सांगते. शिकवावं. काहीच न शिकवता पाठवलेली मुलं जास्त दुखावतात. देव्हारा असलेल्या खोलीत चपला घालून शिरतात, सुतक असलेल्या घरात उपदेश सुरू करतात, प्रसाद पुढे केला की हात मागे घेतात आणि समोरच्या म्हातारीचा चेहरा बघत नाहीत. पण शिकवायचं कशासाठी, हे मला स्वतःला स्पष्ट करून घ्यायचं आहे. ख्रिस्ती नसलेल्यांनीही मोकळेपणाने लिहावं.

मलप्रभाकाठ

ताई, मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरात यल्लम्माची परडी आहे आणि पौर्णिमेला आम्ही सौंदत्तीला जातो, म्हणून लिहितो.

डोंगरावर वही आणि मोबाइल घेऊन फिरणारी माणसं आम्ही खूप पाहिली. कुणी संशोधक, कुणी संस्थावाले, कुणी टीव्हीवाले. सगळे विचारतात: भंडारा का लावता, जोगतीण कशी होते, देवाला सोडतात म्हणजे काय. आम्ही सांगतो. मग पुढे त्या सांगण्याचं काय होतं ते आम्हाला कधीच कळत नाही. तुमची मुलं येऊन हेच विचारणार असतील आणि रात्री बसून 'या लोकांना कुठून गाठता येईल' असं लिहिणार असतील, तर माझ्या आईने त्यांना पुरणपोळी वाढावी का? याचं उत्तर तुम्हीच द्या.

बेळगावी कुंदा

वाचतोय. चर्चा चांगली होणार.

जुनापेठकर

ही गोष्ट काही अमेरिकेतून आलेली नाही. आपल्याच किनाऱ्यावर जुनी आहे.

थॉमस स्टीफन्स हा जेझुइट या कॅथलिक संघातला इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने ओवीत ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ मध्ये साष्टीत राचोलला छापलं गेलं. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती, ते ऐकायला मिळेना, म्हणून त्याच घाटात येशूची कथा सांगितली. हे करायला लोक काय ऐकतात, कसं ऐकतात, कुठे डोलतात हे वर्षानुवर्षं बसून पाहावं लागतं. त्याच सुमाराला, १६०६ पासून, रॉबर्टो डी नोबिली मदुराईत संन्याशासारखा राहत होता. काषाय वस्त्रं, शाकाहार, तमिळ आणि संस्कृतचा अभ्यास. त्याच्या बाप्तिस्मा घेतलेल्यांनी शेंडी-जानवं ठेवावं का यावर रोमपर्यंत वाद गेला. १६२३ मध्ये पोपने परवानगी दिली आणि १७४४ मध्ये दुसऱ्या पोपने 'मलबार रिवाज' म्हटल्या जाणाऱ्या या पद्धतींवर बंदी घातली.

आणि त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय होतं. १७३६ च्या फर्मानात लग्नातली गाणी, कपडे, जेवणाच्या रीती अशा बारीकसारीक गोष्टींची मनाई आहे. ती यादी वाचली की एक गोष्ट लक्षात येते: यादी करणाऱ्याला लोकांचं घर आतून ठाऊक होतं. लोकजीवनाचं तपशीलवार ज्ञान स्टीफन्सकडेही होतं आणि बंदी घालणाऱ्यांकडेही. ज्ञान असलं म्हणजे माया आलीच असं नाही. ताईंच्या पहिल्या प्रश्नाचा गाभा मला इथे दिसतो.

धारवाडी

@जुनापेठकर, आमच्या बाजूचंही नाव घाला. बासेल मिशन १८३७ मध्ये धारवाडला आलं. त्यातल्या फर्डिनांड किट्टेल यांचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ मध्ये निघाला, तो आजही लागतो. त्याआधी १८६२ मध्ये त्यांनी येशूचं चरित्र कन्नड छंदांत लिहिलं होतं. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० पासून.

बेळगावी कुंदा

गोवा झाला, मदुराई झालं, धारवाड झालं आणि अजून सीमाप्रश्न आला नाही! धाग्याला माझ्याकडून पाव किलो कुंदा.

निवृत्त पाळक

खानापूरवाली ताई, मी पुष्कळ वर्षं या पट्ट्यात पाळकाचं काम केलं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो.

अमेरिकन पुस्तकं बाजूला ठेवण्याआधी पॉल हीबर्ट वाचा. नाव परदेशी असलं तरी जन्म १९३२ मध्ये हैदराबादजवळच्या शमशाबादचा, मेनोनाइट या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनरी घरातला. तेलुगू गावावर त्यांनी मानवशास्त्राचा पक्का अभ्यास केला होता. १९८२ च्या एका लेखात त्यांनी मांडलेलं म्हणणं आपल्या भागाला चपखल बसतं. मिशनऱ्यांच्या डोक्यात दोनच मजले होते, असं ते म्हणतात. वर देव, स्वर्ग, पापक्षमा. खाली शरीर, जंतू, औषधं. गावातल्या माणसाचं निम्मं आयुष्य मात्र मधल्या मजल्यावर चालतं: नजर, करणी, अंगात येणं, पूर्वज रुसणं, अमावास्या, विहिरीपाशी बसलेलं काहीतरी. त्याबद्दल मिशनरी एकतर हसले किंवा गप्प बसले.

हे मी पाहिलं आहे. आपल्याकडचे रुग्ण वर्षानुवर्षं मिरजेच्या मिशन दवाखान्यात जात. वानलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं ते काम, त्याची पुण्याई मोठी. बाई तिथून बरी होऊन यायची. पण 'मलाच का झालं, कुणी केलं' हा तिचा प्रश्न उरायचा, आणि तो घेऊन ती रविवारी चर्चला आणि मंगळवारी देवर्ष्याकडे जायची. आम्ही तिला अंधश्रद्ध म्हणून रागावायचो. पुढे रात्रभर प्रार्थना करणारे, डोक्यावर हात ठेवून भुतं काढणारे गट आले आणि आमच्या मंडळ्यांतली माणसं तिकडे गेली. त्यांनी त्या मधल्या मजल्यावर उभं राहून बोलायला सुरुवात केली होती.

हीबर्ट यांची दुसरी गोष्ट त्याहून कामाची. जुन्या रिवाजाचं काय करायचं हे परक्या मिशनऱ्याने ठरवू नये. आधी तो रिवाज काय आहे, लोकांच्या मनात त्याचा अर्थ काय, हे निंदा न करता गोळा करा. मग मंडळीने मिळून शास्त्र वाचावं. मग मंडळीनेच ठरवावं: ठेवायचा, सोडायचा की नवं रूप द्यायचं. वर्गात हे करून घ्या. व्याख्यान देऊ नका.

हलगीवाल्याचा नातू

पाळकसाहेबांचं पटतं. पण 'मंडळी ठरवेल' यात एक गोष्ट राहून जाते, ती लिहितो. लांब होईल.

माझे आजोबा गावात हलगी वाजवायचे. यात्रेला, दवंडीला, मयताला. मेलेलं ढोर ओढणं, मयताची वर्दी घेऊन दुसऱ्या गावी धावत जाणं आणि हलगी हे सगळं एकाच बांधलेल्या कामात होतं. त्या बदल्यात सुगीला पेंढी आणि सणाला शिळं. ते ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे हलगी आढ्याला टांगली. आजी सांगायची की त्यांच्यासाठी बाप्तिस्मा पाण्याने झाला त्याच्या आधी त्या दिवशी झाला.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत शहरातून प्रशिक्षण देणारे लोक आले. अभ्यासू होती माणसं, मनाने चांगली होती. म्हणाले, तुमची उपासना परदेशी चालीवर चालते, ऑर्गन कशाला, तुमचं स्वतःचं वाद्य आणा, हलगी आणा, ती तुमची संस्कृती. तीन म्हातारे उठून बाहेर गेले. बाहेरच्या पायरीवर बसून राहिले, आत आले नाहीत. प्रशिक्षणवाल्यांना वाटलं की यांच्यावर जुन्या मिशनऱ्यांचा पगडा आहे. कुणी त्यांना जाऊन विचारलं नाही.

आता पुढचं ऐका. त्याच गावातल्या पोरांनी १४ एप्रिलच्या मिरवणुकीत हलगी घेतली. स्वतःहून, ताठ मानेने, कुणाच्या दारात उभं न राहता. दोन वर्षांनी नाताळच्या फेरीतही घेतली. त्या तिघांतले एक आजोबा तेव्हा हयात होते. त्यांनी पोराच्या हातातून हलगी घेतली, शेकोटीवर चामडं तापवून सूर लावून दिला आणि परत दिली.

वाद्य तेच, चामडं तेच. बाहेरच्याने 'ही तुमची संस्कृती' म्हणून हातात दिली तेव्हा ती जुनी वेठ होती. पोरांनी घेतली तेव्हा त्यांची झाली. मानवशास्त्राच्या वर्गात हे शिकवा. रिवाजाची यादी करताना पुढे एक रकाना ठेवा: हे काम कुणाच्या वाट्याला होतं, आणि त्याला नाही म्हणायची सोय होती का?

१९८१ मध्ये बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी दलित ईश्वरविद्येची मांडणी केली ती याच दुखण्यातून. भारतीय ख्रिस्ती विचार म्हणून जे चाललं होतं ते बहुतेक वरच्या जातींच्या तत्त्वज्ञानाशी संवाद करणारं होतं. मंडळ्यांत बसलेली माणसं मात्र बहुतांशी आमची. डी नोबिलीने मदुराईत संन्यासी होऊन वरच्या जातींशी बोलायचं ठरवलं, तेव्हा खालच्यांबरोबर बसून जेवणं त्याला बंद करावं लागलं. 'संस्कृतीशी जुळवून घेणं' म्हणतात तेव्हा मी आधी विचारतो, कुणाच्या?

शांता

@हलगीवाल्याचा नातू, शेकोटीपाशी डोळे भरून आले. आमच्या वाड्यातही अशीच टांगलेली होती.

बसवण्णांचा गाववाला

बैलहोंगल भागातला लिंगायत. मराठी घरात बोलत नाही, पण वाचतो आणि लिहितो, चुकलं तर सांभाळून घ्या.

नातू साहेबांनी 'कुणाच्या संस्कृतीशी' विचारलं म्हणून देशनूरची आठवण झाली. तिथे जेझुइट पाद्री लिंगायत संन्याशांच्या विरक्त मठासारखा मठ करून राहतात. कावी वस्त्रं, शाकाहार, बोलणं-चालणं आमच्या स्वामींसारखं. लहानपणी आम्ही जायचो. आमच्यात दोन मतं आहेत. माझे वडील म्हणायचे, माणूस साधा राहतो, मांस खात नाही, गरिबाच्या पोराला शिकवतो, मग स्वामीच म्हणायचं. माझ्या चुलत्यांचं मत उलट. ते म्हणायचे, आमचा वेष घेतला तर आमचं तत्त्वही घ्या. वेष आमचा आणि आत दुसरं, हे बरोबर नाही.

मी मधे आहे. ते मुळीच लपवत नाहीत, विचारलं की येशूचे म्हणून सांगतात. आणि इतकी वर्षं तसंच जगणं हे नाटक करून होत नाही. पण बाराव्या शतकात बसवण्णांनी जी क्रांती केली तिचा कावी हा फक्त वरचा रंग आहे. अंगावरचं इष्टलिंग, कायक म्हणजे श्रम, दासोह म्हणजे वाटून देणं, जात मोडणं हे आतलं. अभ्यास करायचा तर आतलं विचारा. रंगावर थांबू नका.

मलप्रभाकाठ

@बसवण्णांचा गाववाला, तुमच्या चुलत्यांचं मत माझं.

@निवृत्त पाळक, 'मधला मजला' वाचून बरं वाटलं नाही, खरं सांगतो. आमची आई यल्लम्मा मधल्या मजल्यावर नाही. ती सगळ्यात वर आहे. तुमच्या शास्त्राने तिला करणी आणि नजरेच्या ओळीत बसवलं, ती बैठक आम्ही केलेली नाही.

निवृत्त पाळक

@मलप्रभाकाठ, तुमचं म्हणणं रास्त आहे. हीबर्ट यांनी मांडलेला आराखडा चर्चच्या आंधळेपणाबद्दल होता, तुमच्या देवीची जागा ठरवण्याबद्दल नव्हता. पण वाचणाऱ्यावर तो तसा परिणाम करतो हे खरं. वर्गात तुमचं हे वाक्य सांगितलं पाहिजे.

प्रश्नोत्तरे

कुणी मॅकगॅव्हरनचं नाव का घेत नाही? मिशन आणि मानवशास्त्राची सांगड जिथे सगळ्यात अडचणीची होते ती जागा तीच. डोनाल्ड मॅकगॅव्हरन मध्य भारतात, दमोहला जन्मले, छत्तीसगडात काम केलं. त्यांनी पाहिलं की एकेकटा माणूस धर्म बदलतो तेव्हा नात्यांतून तुटतो आणि उघडा पडतो. जात किंवा कूळ एकत्र आलं तर तुटत नाही. निरीक्षण अचूक. त्यातून त्यांनी सिद्धांत काढला की लोकांना जात, भाषा, वर्ग यांची रेष न ओलांडता ख्रिस्ती होणं आवडतं, म्हणून मंडळ्याही तशाच उभ्या कराव्यात. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीत त्यांनी मिशनचं विद्यालय काढलं आणि हे जगभर गेलं.

परिणाम आपल्या डोळ्यांसमोर आहे. एकाच गावात दोन चर्च, दोन दफनभूमी. लग्नाच्या वेळी पोटजात विचारतात ती वेगळीच. समाज असा आहे हे सांगणं शास्त्राचं काम. तो असा आहे म्हणून तसाच राहू द्या, आपल्याला सोयीचं आहे, हे शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही.

हलगीवाल्याचा नातू

+१. दोन दफनभूमी आमच्याकडेही.

हल्याळकर

घाटाच्या या बाजूचं सांगतो. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड आणि तुमच्या खानापुरातही सिद्दी लोक आहेत. पूर्वज आफ्रिकेतून आणलेले. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती तिन्ही आहेत आणि घरात बहुतेक कोंकणी. पूर्वजांना 'हिरियारु' म्हणून मान देणं तिन्हींत दिसतं. दमामी (त्यांचा ढोल) वाजली की कोण कुठल्या धर्माचा ते विचारायचं राहून जातं.

शिकायला येणाऱ्यांना इथे एकदा आणा. धर्म एकीकडे आणि संस्कृती एकीकडे अशा दोन पेट्या करून आलेला विद्यार्थी इथे अडकतो, आणि त्याचं अडकणं चांगलं. माझ्या ओळखीच्या एका ख्रिस्ती सिद्दी बाईंना कुणी सांगितलं की हिरियारुंसाठी ठेवलेलं नारळ काढा. त्या म्हणाल्या, 'मग माझ्या आजीला मी सांगू काय?' सांगणाऱ्याकडे उत्तर नव्हतं.

आणखी एक, कागदोपत्री. उत्तर कन्नडच्या सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, बेळगाव-धारवाडच्या सिद्दींना तो बराच नंतर. जमातीच्या दर्जाला धर्माची अट नाही. अनुसूचित जातीला मात्र आहे: १९५० च्या आदेशाप्रमाणे हिंदू, १९५६ पासून शीख, १९९० पासून बौद्ध. ख्रिस्ती झालात तर गेला. म्हणून कितीतरी घरं कागदावर एक आणि रविवारी दुसरी असतात. गावात जाऊन कुणाला मोठ्याने 'तुम्ही ख्रिस्ती का' विचारणं म्हणजे त्याच्या पोराच्या शिष्यवृत्तीवर हात टाकणं. हे पहिल्याच दिवशी शिकवा.

सरळमार्गी

हे सगळं ठीक. पण सरळ बोलू. धर्मांतर करायला जाणाऱ्यांना गावाची कुंडली कशाला पुरवायची? कर्नाटकात धर्मांतरविरोधी कायदा झाला तो उगाच झाला का?

बेळगावी कुंदा

कायदा करायला सगळे आमच्या बेळगावातच आले होते की ओ! डिसेंबर २०२१, सुवर्ण विधानसौध. २०२२ ला लागू झाला, जून २०२३ ला मंत्रिमंडळाने रद्द करायचं ठरवलं. यावर वेगळा धागा काढा, इथे नको. चांगलं चाललंय.

सुईदोरा

मी सरळमार्गींच्या प्रश्नाला टाळत नाही, कारण तोच प्रश्न मलप्रभाकाठ यांनी पुरणपोळीच्या निमित्ताने विचारला होता आणि त्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

मी मानवशास्त्रात एम.ए. केलं. अमेरिकन मानवशास्त्र संघटनेने १९७१ मध्ये व्यावसायिक जबाबदारीची तत्त्वं मान्य केली. त्यात स्पष्ट आहे की अभ्यासकाची सगळ्यात वरची जबाबदारी ज्यांचा अभ्यास करतो त्यांच्याशी असते. पैसे देणाऱ्याशी, पाठवणाऱ्याशी नंतर. हे का लिहावं लागलं? कारण युद्ध आणि गुप्तहेर खात्यांसाठी मानवशास्त्रज्ञ वापरले गेले होते. म्हणजे हेतूचा प्रश्न मिशनरींपुरता नाही. सरकार, कंपनी, विद्यापीठ सगळ्यांना लागू आहे.

तेव्हा कसोटी अशी. तुमच्या सेवकाची वही त्या घरातल्या बाईला वाचून दाखवता येईल का? तिच्यासमोर बसून, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत? येत असेल तर लिहा. एखादी ओळ गाळावीशी वाटली तर ती मुळात लिहू नका.

आणि आपल्याकडे चांगलं उदाहरण आहे. गी प्वातवँ हे फ्रान्समधले कॅथलिक धर्मगुरू. १९७२ पासून पुण्यात राहिले, भारताचे नागरिक झाले. हेमा राईरकर आणि गावोगावच्या स्त्रियांबरोबर त्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर. सासुरवास, भाऊ, विठ्ठल, आंबेडकर, सगळं त्यात आहे. ओवी कुणाची, गाव कुठलं, हे प्रत्येकीचं नाव घेऊन लिहिलं. त्या बायका माहिती देणाऱ्या राहिल्या नाहीत, कामातल्या सोबती झाल्या. उलट दिशेने जाणारे व्हेरिअर एल्विन. १९२७ मध्ये मिशनरी म्हणून पुण्याला आले, गोंडांमध्ये राहिले आणि चर्चपासून दूर गेले. ताई, तुमच्या वर्गातल्या एखाद्याचं असंही होऊ शकतं. त्याची तयारी ठेवा.

शांता

मला विधवांच्या रिवाजाबद्दल लिहायचंय, कारण ताईंनी पहिल्या पोस्टमध्ये सुतकाच्या घराचा उल्लेख केला.

आमच्यात, म्हणजे ख्रिस्ती घरांत, नवरा गेला की बांगड्या फोडतात का? कागदावर नाही. प्रत्यक्षात शेजारच्या बायका येतात आणि फोडतात, आणि आपल्या मंडळीतल्या बायका बघत उभ्या राहतात, कारण 'लोक काय म्हणतील'. माझ्या बहिणीच्या वेळी पाळक पुरुष, वडील मंडळी पुरुष, ते ओट्यावर प्रार्थना करत होते आणि आत हे चाललं होतं. पुरुषांना माहीतच नव्हतं. मंडळी ठरवते म्हणता, ती ओट्यावरची की आतली?

सीमेपलीकडे शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला: बांगड्या फोडणं नको, कुंकू पुसणं नको, मंगळसूत्र-जोडवी काढणं नको. काही दिवसांत महाराष्ट्र सरकारने तो नमुना म्हणून सगळ्या ग्रामपंचायतींना कळवला. कुठल्या धर्माचा प्रचारक तिथे आला नव्हता. गावाने स्वतःच्या रिवाजाकडे बघितलं आणि ठरवलं. पाळकसाहेबांनी सांगितलेल्या पायऱ्या त्यांनी कुठलंही पुस्तक न वाचता केल्या. तुमच्या वर्गाला हेरवाडला घेऊन जा, आणि तिथे त्यांना शिकवायला नाही, ऐकायला बसवा.

निवृत्त पाळक

@शांता, 'ओट्यावरची की आतली' हे मला आधी कुणी विचारायला हवं होतं. वर्गात अर्ध्याहून जास्त शिकवणाऱ्या बायका असाव्यात असं सुचवतो.

प्रश्नोत्तरे

सौंदत्तीबद्दल एक भर. देवदासी प्रथेला बंदी घालणारा कर्नाटकचा कायदा १९८२ चा. त्या कामात ख्रिस्ती संस्थाही होत्या, पण जिथे फरक पडला तिथे पूर्वीच्या देवदासी स्वतः संघटित झाल्या होत्या. भक्ती आणि प्रथा वेगळी करता येते हे त्याच बायका सांगतात. त्यातल्या कितीतरी आजही डोंगरावर जातात. तुमच्या मुलांनी यल्लम्मा म्हणजे देवदासी एवढंच समीकरण घेऊन जाऊ नये.

मलप्रभाकाठ

हे कुणीतरी लिहिलं, बरं झालं. आमच्या घरातल्या परडीचा आणि त्या प्रथेचा काहीही संबंध नाही.

खानापूरवाली

सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले. माझ्यापुरतं ठरलं ते लिहिते.

दोन्ही गोष्टी एका वर्गात शिकवणार नाही. हा वर्ग लोकजीवन समजून घेण्याचा. सुवार्ता कशी सांगावी हा विषय दुसऱ्यांकडे आहे, त्यांना मी आमच्या नोंदी देणार नाही, आणि आयोजकांना हे आजच कळवलं. त्यातले एक जण नाराज झाले. म्हणाले, मग या अभ्यासाचा मिशनला उपयोग काय? मी म्हटलं, मुलं माणसांत राहायला शिकतील. शेजाऱ्यावर प्रीती करा अशी आज्ञा आहे, आणि ज्याची ओळखच नाही त्याच्यावर प्रीती करता येत नाही. माझी श्रद्धा मी लपवणार नाही. मुलांनीही लपवू नये. दारात गेल्यावर कोण आहोत आणि कशासाठी आलो ते आधी सांगायचं, मगच बसायचं. घरमालकीण 'नको' म्हणाली तर नमस्कार करून निघायचं.

सुईदोरा यांची वहीची कसोटी पहिल्या दिवशी. हल्याळकरांची कागदाची गोष्टही पहिल्याच दिवशी. 'नाही म्हणायची सोय होती का' हा रकाना प्रत्येक नोंदीत. हेरवाडला पत्र लिहिते आहे. आणि @हलगीवाल्याचा नातू, तुम्ही एक दिवस याल का? व्याख्यान नको, जे इथे लिहिलंत तेच सांगा.

@मलप्रभाकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आईंनी पोळी वाढावी की नाही हे आईंनी ठरवावं. आमच्या मुलांनी वही बाहेर ठेवून जेवावं, एवढं मी बघेन.

हलगीवाल्याचा नातू

येतो. माझ्या आत्यालाही आणतो, तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मलप्रभाकाठ

ताई, मत माझं बदललं नाही. धर्म बदलवायला कुणी आमच्या दारात येऊ नये असंच मला वाटतं. पण जे ठरवलंत ते करून दाखवलंत तर डोंगरावर मी तुमच्या मुलांबरोबर हिंडेन. भारत पौर्णिमेला नको, गर्दीत काही कळत नाही. आडदिवशी या.

बसवण्णांचा गाववाला

एक सूचना. सौंदत्ती, बैलहोंगलच्या गावांत मराठी समजतं, पण म्हाताऱ्या बायका मनातलं बोलताना कन्नडमध्येच बोलतात, आणि जोगतिणींची गाणी चौंडक्यावर कन्नडमध्येही असतात. तुमच्या मुलांत कन्नड येणारं कुणी नसेल तर अर्धं ऐकूनच परत जाल. आमच्या गावातल्या दोन शिक्षिका आहेत, दोन्ही भाषा येतात. विचारून सांगू?

खानापूरवाली

जरूर विचारा. त्यांचा प्रवासखर्च आणि मानधन आम्ही देऊ. त्या आल्या तर तारखा त्यांच्या सुट्टीप्रमाणे लावते.